गॅपचा उल्लेख अर्जात नाही

महापालिकेच्या कचेरीतली फाइल हरवते, सापडते, पुन्हा हरवते. आमचा किस्सा मात्र आजवर एकही हरवलेला नाही. उलट दर मीटिंगला एखादा वाढतोच! आमच्या वाहतूक समितीनं इतक्या वर्षांत मिळवलं काय, असं कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगते, किस्से. परवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये चहाला बसलो होतो, तर नव्यानं राहायला आलेले एक गृहस्थ मोठ्या उत्साहानं म्हणाले, "आपण सगळ्यांनी मिळून एकदा कचेरीतल्या साहेबांशी बोलून पाहायचं का?" आम्ही इतके हसलो की बिचाऱ्यांनी चहा अर्धाच ठेवला.

त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

आम्ही वारज्याचे, पण मूळचे नव्हे. मी वैद्य बाई. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी सत्तावीस वर्षं नकाशे काढले. मग कॉम्प्युटर आले, आमचे ड्रॉइंग बोर्ड भंगारात गेले आणि आम्ही व्हीआरएस घेऊन घरी. समितीचे अध्यक्ष परांजपे सदाशिव पेठेतून इकडे आले. तिथे गाड्यांचा फार आवाज म्हणून आले. देव त्यांचं भलं करो! प्रणिता अमरावतीची, आयटी कंपनीत. समितीची पत्रं ती टाइप करते आणि चुका मी काढते.

आणि चौथे अप्पा शेलार. हे मात्र मूळचे. आज जिथे रस्ता आहे तिथे त्यांचं ज्वारीचं रान होतं. रानाच्या अलीकडे अप्पांचं घर, पलीकडे धाकट्या भावाचं, तात्यांचं. अप्पांनी अंगणातून हाक मारली की तात्या पलीकडून ओ द्यायचे. मग रानातून रस्ता गेला. पुढे रस्ता रुंद झाला. मग मधे डिव्हायडर आला आणि त्यावर छातीएवढी लोखंडी जाळी बसली. आयटीच्या बसगाड्या आणि कॉल सेंटरच्या सुमो दिवसभर नुसत्या सुटलेल्या असतात.

त्यातच तात्यांना अर्धांगवायू झाला. ते ओसरीवर खाटेवर पडून असतात. सून शाळेत शिकवते, ती संध्याकाळी येते. म्हणून दुपारी तीनला अप्पा निघतात, जाऊन तात्यांना चहा पाजतात, कूस बदलून देतात, दोन दिवसांआड दाढी करून देतात. पण जायचं कसं? जाळीला गॅप थेट हायवेच्या चौकात, आणि अप्पांचे गुडघे तेवढं चालत नाहीत. म्हणून अप्पा अलीकडच्या स्टॉपवर बस पकडतात, शेवटच्या स्टॉपपर्यंत जातात, तिथे सीटवर बसूनच राहतात, आणि तीच बस परत फिरली की पलीकडे उतरतात. समोरचं घर, आणि जायला पाऊण तास! येताना सून तिच्या स्कूटीवरून चौकातून वळसा घालून सोडते.

आम्हाला हवं होतं ते एवढंच, की अप्पांना तात्यांकडे पायी जाता यावं. बाकी सगळं मागण्यांच्या यादीची शोभा वाढवायला होतं.

* * *

सुरुवातच बघा कशी झाली! एके दिवशी कळलं की आपल्या रस्त्याची काहीतरी सुधारणा होणार आहे आणि त्यावर कचेरीनं नागरिकांच्या हरकती-सूचना मागवल्या आहेत. नोटीस लावली आहे म्हणे. कुठे? तर "दर्शनी भागात."

आम्ही दोन दिवस दर्शनी भाग शोधत होतो. शेवटी अप्पांना दिसली. डिव्हायडरच्या मधोमध दिव्याचा जो खांब आहे, त्यावर! दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट, मधे जाळी, आणि जाळीच्या आत आमच्या माहितीसाठी चिकटवलेली नोटीस.

"वाचायला जायाचं कसं?" अप्पांनी विचारलं.

प्रणिता नुकतीच परदेशातल्या ऑनसाइट कामावरून परत आली होती, येताना हँडीकॅम आणला होता. ती तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभी राहिली, झूम केलं आणि खाली उभ्या असलेल्या आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवू लागली. "सर्व नागरिकांस कळवण्यात येते की… प्रस्तावित वाहतूक सुधारणा… लेखी स्वरूपात…"

"आधी शेवटची तारीख बघ!" मी ओरडले.

"तेच पाहून राहिली मी… अहो काका, ती तर काल होऊन गेली!"

परांजप्यांनी टोपी नीट केली. "चला, म्हणजे आपली काही हरकत नाही असं ठरलं."

मुदत पुढे वाढली, पण आमच्या तक्रारीमुळे नव्हे. कचेरीतल्या लोकांनाही ती नोटीस वाचता आली नव्हती!

* * *

अर्ज घेऊन परांजपे आणि मी कचेरीत गेलो. आवक खिडकीत एक गृहस्थ डबा आवरत बसले होते. त्यांनी अर्ज वरून खाली वाचला, खालून वर वाचला आणि विचारलं, "ही हरकत आहे की सूचना?"

"रस्ता ओलांडायला पट्टे हवेत अशी मागणी आहे," मी म्हटलं.

"मागणीचं रजिस्टर नाही. हरकत किंवा सूचना, काय ते बोला."

"बरं, हरकत लिहा."

"हरकत प्लॅनमध्ये जे दाखवलंय त्यावर घेता येते. पट्टे प्लॅनमध्ये दाखवलेलेच नाहीत. मग हरकत कशावर?"

"मग सूचना लिहा!"

"सूचनांचं रजिस्टर संपलं."

मला ब्लडप्रेशर आहे, मी बाकावर बसले. परांजपे मात्र शांत. त्यांनी खिशातून पेन काढलं, तिथेच एका कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि कागद खिडकीतून आत सरकवला. "हे घ्या."

"हे काय?"

"सूचना. नवीन रजिस्टर आणावं अशी. आपण ही कुठे नोंदवणार ते सांगा, म्हणजे त्याच्याच खाली आमचीही नोंदवा."

गृहस्थांनी डबा बाजूला ठेवला. मग दोन्ही अर्जांवर पोचेचा शिक्का मारला. आमच्या अर्जाचं पुढे काय झालं ते यथावकाश कळेलच, पण पंधरा दिवसांत नवीन रजिस्टर आलं. कचेरी सूचनांची दखल घेतच नाही असं कृपा करून कुणी म्हणू नये.

* * *

मग एक मोठा 'नागरिक संवाद' झाला. मंगळवारी सकाळी अकराला! म्हणजे जे नागरिक त्या रस्त्यावरून कामाला जातात ते सगळे कामावर गेल्यावर. प्रणितानं हाफ डे टाकला.

हॉलमध्ये स्टेज, फुलं, समई, माइकवर सूत्रसंचालन करणाऱ्या बाई. दीपप्रज्वलन झालं. स्वागत झालं. मग सत्कार सुरू झाले. आलेल्या पाहुण्यांचा, न आलेल्या पाहुण्यांच्या प्रतिनिधींचा, स्टेज सजवणाऱ्याचा. मी घड्याळ बघत होते. संवादाला सव्वा तास झाला तरी एकाही नागरिकानं तोंड उघडलेलं नव्हतं, जांभईचा अपवाद सोडून.

आणि अचानक पुकारा झाला, "आता आपण सत्कार करणार आहोत ज्यांनी या रस्त्यासाठी जमीन दिली त्या ज्येष्ठ भूमिपुत्राचा!" आमचे अप्पा! त्यांना हाताला धरून वर नेलं. कचेरीच्या साहेबांनी शाल घातली, नारळ दिला. फोटोग्राफर म्हणाला, "बाबा, इकडे बघा."

अप्पांनी इकडे बघितलं नाही. त्यांनी नारळ साहेबांच्या हातात परत ठेवला आणि थेट माइकजवळ गेले. "नारळ ऱ्हाऊ द्या. रस्त्यावर पट्टं मारून द्या. माझा भाऊ पलीकडं पडून हाय."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला! साहेबांनी मान डोलावली, डायरीत काहीतरी लिहून घेतलं. लगेच आभारप्रदर्शन झालं, कारण हॉल एक वाजता लग्नाच्या बैठकीला दिलेला होता.

महिन्याभरानं सभेचं इतिवृत्त हातात आलं. अप्पांच्या भाषणाबद्दल त्यात एक ओळ होती. "ज्येष्ठ नागरिकांनी मनोगत व्यक्त केले व सत्काराबद्दल समाधान दर्शवले."

* * *

पुढच्या खेपेला कन्सल्टंट आणले. टाय लावलेला तरतरीत माणूस, लॅपटॉप, प्रोजेक्टर. पडद्यावर आमचा रस्ता. त्यावरून निळ्या-पिवळ्या मोटारी सुळसुळ धावत होत्या. एकही थांबत नव्हती, एकही हॉर्न वाजवत नव्हती, आणि माणूस तर औषधालासुद्धा नव्हता.

"यात चालणारे कुठे आहेत हो?" मी विचारलं.

"मॅडम, हे व्हेइकल मॉडेल आहे. पेडेस्ट्रियन आम्ही फेज टू मध्ये घेतो."

मी पुढे जाऊन नकाशा नीट बघितला. सत्तावीस वर्षांची खोड, आधी खालचा कोपरा बघायचा. कोपऱ्यात गावाचं नाव, स्केल, तारीख असते. तिथे 'वारजे' ठळक लिहिलं होतं आणि त्या अक्षरांच्या मागून पुण्याच्या दुसऱ्याच भागातलं 'बिबवेवाडी' डोकावत होतं! मग मी रस्ता बघितला. आमच्याकडे नसलेली भाजी मंडई होती. आमच्याकडे नसलेलं वळण होतं. आणि अप्पांच्या घराच्या जागी सार्वजनिक शौचालय!

"अहो, हा आमचा रस्ताच नाही," मी म्हटलं.

कन्सल्टंट जराही गडबडला नाही. "मॅडम, कन्सेप्ट सेम आहे."

परांजपे उभे राहिले. "प्रश्नच नाही. फक्त एक करा, सुधारणासुद्धा बिबवेवाडीतच करा. कन्सेप्ट सेम असल्यानं आम्हाला इथे बरं वाटेल."

घरी येऊन मी बिबवेवाडीत राहणाऱ्या माझ्या जुन्या मैत्रिणीला, सुलभाला फोन लावला. आम्ही एकाच ऑफिसात होतो. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "अगं, काल आमच्याकडे मीटिंग झाली. आमच्या कोपऱ्यावर ते कुणा शेलारांचं घर दाखवत होते. हे कोण?"

* * *

एकदा घरोघर पाहणी फॉर्म आले. प्रश्न होता, "प्रस्तावित वाहतूक सुधारणेबाबत आपले मत काय?" खाली तीन चौकोन. पूर्णतः सहमत. सहमत. काही अंशी सहमत. संपलं!

प्रणितानं 'असहमत' असा चौथा चौकोन हातानं काढला आणि त्यात ठसठशीत खूण केली. तिचा फॉर्म "अपूर्ण माहिती" म्हणून बाद झाला.

अप्पांना लिहिता येत नाही म्हणून पाहणी करणाऱ्या बाईंनी त्यांना तोंडी विचारलं, "आजोबा, रस्ता कसा वाटतो?"

अप्पा म्हणाले, "लई रुंद."

बाईंनी लिहिलं, "रुंदीबाबत समाधानी."

* * *

आता हसतच आहात तर आमच्यावरही हसून घ्या, कारण कचेरी काही आकाशातून पडलेली नाही.

एक साहेब त्यातल्या त्यात बरे आले होते. ते म्हणाले, "जाळीचं नंतर बघू, तूर्त एक स्पीड ब्रेकर देतो. जागा तुम्ही ठरवा. एकमतानं ठराव द्या, आठवड्यात काम करतो." आम्ही हुरळून गेलो! रविवारी रस्त्यालगतच्या चारही सोसायट्यांची बैठक बोलावली. पोहे केले. स्पीड ब्रेकर हवा का, यावर सगळ्यांचे हात वर. कुठे हवा, असं विचारल्यावर सगळे हात खाली.

ए विंगवाले म्हणाले, ब्रेकरवर बसगाड्या धाडधाड आदळतात, आमच्या बेडरूम त्या बाजूला आहेत. बी विंगवाल्यांची मुलं दहावीला. शेजारच्या सोसायटीच्या चेअरमननी भिंतीला तडे जातात असं सांगितलं. परांजपे म्हणाले, "मी तर आवाजाला कंटाळूनच पेठ सोडली." मग माझ्याकडे वळले, "वैद्य बाई, तुमच्या खिडकीखाली चालेल?"

आणि मी, चार वर्षं जिनं अप्पांचे अर्ज खरडले ती मी, म्हणाले, "तिथे ड्रेनेजचं झाकण आहे ना हो."

ड्रेनेजचं झाकण तिथून वीस पावलं लांब आहे. मला माहीत होतं, अप्पांनाही माहीत होतं. ते पोह्यांची बशी खाली ठेवून उठले. मला अजून त्याची लाज वाटते.

ठराव झाला तो असा की स्पीड ब्रेकर "योग्य ठिकाणी" असावा. साहेबांची बदली झाली आणि ठराव तसाच राहिला. योग्य ठिकाणी!

* * *

आणि एका सकाळी पट्टे आले!

बरोबर अप्पांच्या दारासमोर. पांढरेशुभ्र, रुंद, आखल्यासारखे. माझ्यासारखी ड्रॉइंग ऑफिसातली बाई म्हणते म्हणजे सरळच असणार. प्रणितानं पेढे आणले. अप्पांनी परीटघडीचं धोतर नेसलं, डोक्याला फेटा बांधला, आणि पलीकडे तात्यांना सुनेनं उशा लावून बसवलं. ती त्या दिवशी मुद्दाम रजेवर होती. तात्यांचा चांगला हात टॉवेल हलवत होता. वाहनं थांबवायला परांजपे स्वतः छत्री आडवी धरून रस्त्यात उभे राहिले.

अप्पा एक-एक पट्टा पार करत निघाले. दोन, तीन, चार… आणि थांबले.

पट्टे जाळीपर्यंत आले होते. जाळी जिथल्या तिथे होती. जाळीच्या पलीकडून पुन्हा पट्टे सुरू होत होते.

मधे जाळी, अलीकडे फेटा बांधलेले अप्पा, पलीकडे टॉवेल हलवणारे तात्या. मागे हॉर्न वाजू लागले. अप्पांनी जाळीला हात लावून बघितला, जणू ती आपणहून सरकेल, आणि मग वळून परत आले. पेढ्यांचा बॉक्स प्रणितानं तसाच बंद केला.

आम्ही तडक कचेरीत. नवे साहेब जागेवर होते. मी तोंडाला येईल ते बोलले, ते सगळं इथे लिहिता येणार नाही. साहेबांनी शांतपणे फाइल मागवली. फाइल चक्क सापडली! त्यांनी आमचाच अर्ज काढला, आमच्याच सह्यांचा, पोचेच्या शिक्क्याचा, आणि बोट ठेवून म्हणाले, "हे बघा मॅडम. तुम्ही पट्टे मागितले, पट्टे दिले. गॅपचा उल्लेख अर्जात नाही."

मी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. खरंच नव्हता.

बाहेर आल्यावर परांजपे एवढंच म्हणाले, "बरं झालं, अप्पांना पोचवा असं लिहिलं नाही. स्पीड पोस्टानं पाठवलं असतं."

* * *

मग गॅपचा अर्ज केला. त्यात गॅप शब्द सात वेळा लिहिला. वर्षभरानं उत्तर आलं, समक्ष पाहणी करण्यात येईल.

पाहणीला तेच साहेब आले, जीपमधून, अडीच वाजता. मापाची टेप विसरली म्हणून जीप कचेरीकडे परत पाठवली आणि ते आमच्याबरोबर रस्त्याकडेला थांबले. त्यांना फाइलमध्ये दोन्ही बाजूंच्या एकेका रहिवाशाची सही हवी होती. अलीकडची सही म्हणून अप्पांनी अंगठा दिला.

"आता पलीकडची," साहेब म्हणाले आणि रस्त्याकडे वळले.

पलीकडे तात्या खाटेवरून बघत होते. साहेब पट्ट्यांवर एक पाऊल पुढे गेले. सुमो आली. साहेब मागे आले. पुन्हा पुढे गेले, आयटीची बस आली. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण प्रणिता म्हणते, हँडीकॅम आणायला हवा होता. एकदा ते कसेबसे जाळीपर्यंत पोचलेसुद्धा. त्यांनी जाळीची उंची बघितली, मग स्वतःच्या सफारीकडे बघितलं आणि परत आले. घाम पुसत म्हणाले, "जीप कधी येतेय?"

"ट्रॅफिकमध्ये अडकली असेल," परांजपे म्हणाले.

तोवर तीन वाजत आले होते. अप्पांनी काठी उचलली. "सायेब, मला जायाची येळ झाली. तुमी बी चला. गाडी यील आता."

आणि साहेब आले! बसमध्ये चढताना कंडक्टरनं रोजच्यासारखं विचारलं, "अप्पा, पलीकडं ना?" मग मागे बघून म्हणाला, "आज पाव्हणे बी हायत का?" आम्ही सगळे बसलो. साहेब खिडकीशी फाइल मांडीवर घेऊन. समोरचं घर खिडकीतून दिसत दिसत मागे गेलं. शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हर चहाला उतरला. साहेबांनी घड्याळ बघितलं, अप्पांनी तंबाखूची डबी पुढे केली. बस परत फिरली आणि आम्ही पलीकडे उतरलो.

तात्यांची जीभ जड झाली आहे, पण त्या दिवशी शब्द अगदी स्वच्छ आले. "मगाशी तर समोर उभं व्हतासा. मी बघत व्हतो. मधीच कुटं गेला व्हतासा?"

अप्पांनी तात्यांना आधार देऊन बसवलं, चहा केला, बशीत ओतून, फुंकर घालून पाजला. मग तात्यांचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. साहेब सगळा वेळ दाराशी उभे होते. जाताना त्यांनी अप्पांना नमस्कार केला. खरं सांगते, मला वाटलं, झालं! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यापैकी कुणीतरी आमच्या रस्त्यावर उभं राहिलं होतं. मी परांजप्यांना तसं म्हणालेही.

महिन्याभरानं पत्र आलं. मी ते घेऊन तशीच स्टॉपवर गेले, कारण तीनची वेळ होती आणि अप्पा तिथेच असणार होते. त्यांना वाचून दाखवलं.

"उपरोक्त विषयान्वये सदर ठिकाणी समक्ष पाहणी केली असता, पाहणीच्या संपूर्ण कालावधीत एकही व्यक्ती पायी रस्ता ओलांडताना आढळून आली नाही. सबब दुभाजकात गॅप ठेवण्याची आवश्यकता दिसून येत नाही. तथापि, रस्त्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाण्यासाठी उपलब्ध असलेली बससेवा समाधानकारक असल्याचे दिसून आले."

"शेवटचं पुन्ना वाचा," अप्पा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. अप्पांनी पलीकडे बघितलं. तात्यांचा टॉवेल हलला. अप्पांनी हात वर केला. तेवढ्यात बस आली.

"अप्पा, पलीकडं ना?" कंडक्टरनं विचारलं.

अप्पांनी दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला. "व्हय. पन आज जरा समाधानकारक न्या!"